नकाशावरची विहीर

“विहिरींची मोजलेली पातळी आणि मॉडेलची पातळी एका रेषेत येतेय. आणखी काय हवं, मॅडम?”

रोहिदास पानसंबळ संगणकावर बांधलेलं भूजलाचं मॉडेल घेऊन काणेकर मॅडमच्या घरी आला होता. त्याच्या या जुन्या वरिष्ठ आता निवृत्त होत्या, पण त्यांनी पाहिल्याशिवाय तो अहवाल पुढे पाठवत नसे. या वेळी मात्र तो फक्त शाबासकीसाठी आला होता.

एका कारखान्याने बरीच वर्षं सांडपाणी खड्ड्यात सोडलं होतं. त्यातलं विषारी क्रोमियम जमिनीखालून खडकमाळ वस्तीकडे कधी पोचेल, हा प्रश्न होता. मॉडेल म्हणत होतं, आणखी एक पिढी तरी नाही. वस्तीने विहिरींचं पाणी खुशाल प्यावं, असं रोहिदासने लिहूनही टाकलं होतं.

मॅडमनी आलेख पाहिला. मग नकाशा मागितला. दोन्ही शेजारी ठेवून एकेक विहीर पडताळली.

नकाशावरच्या एका विहिरीवर त्यांनी बोट ठेवलं.

ती आलेखात नव्हती.

रोहिदासने कारण सांगितलं. तिथली पातळी उगाच वरखाली व्हायची, इतरांशी जुळायची नाही. यंत्र बिघडलं असणार. एका विहिरीपायी सगळी रेषा विसकटत होती, म्हणून वगळली.

“परत घाल.”

तो तिथेच जेवणाच्या टेबलाशी बसला. दुपारभर खडकातून पाणी किती झिरपतं याचे आकडे बदलत राहिला. काही केल्या जुळेना. शेवटी खड्ड्यापासून त्या विहिरीपर्यंत कातळात सलग भेग आहे असं धरलं, तेव्हा कुठे पातळी जुळली.

मग मॉडेलमधल्या त्या भेगेतून त्याने क्रोमियम सोडून पाहिलं.

वर्षाच्या आत ते विहिरीत उतरलं होतं.

“तिथलं पाणी कोण पितं?” मॅडमनी विचारलं.

“वस्तीवरची शाळा.”

भेग खरोखर आहे का, हे त्याला ठाऊक नव्हतं. बोअर घेऊन बघावं लागेल, पाण्याचे नमुने तपासावे लागतील, मॉडेल नव्याने बांधावं लागेल, असं तो सांगत गेला. सांगताना आवाज खाली आला.

“तोवर वस्तीला काय सांगू, मॅडम?”

त्यांनी नकाशाची घडी घातली.

“आपल्याला माहीत नाही, असं सांग. आणि टँकर आजच पाठव.”