सातचा अंधार

सोसायटीत रोज संध्याकाळी सातला फ्यूज उडायचा. चेअरमन प्रभुदेसाईंनी भर सभेत खापर फोडलं ते घरोघर डबे पोचवणाऱ्या अनसाबाईंच्या इलेक्ट्रिक स्कूटरवर. "उद्यापासून या स्कूटरचं चार्जिंग बंद!"

अनसाबाई पदर सावरत उठल्या. "साहेब, सातला माझी स्कूटर डबे घेऊन फाटकाबाहेर उभी असते, आणि मी तुमच्या आईंच्या दारात. दिवे गेले की त्याच मला टॉर्च धरतात, 'जपून गं' म्हणतात. खाली येते तर तुम्ही नुकतीच मोटार चार्जिंगला लावलेली असते."

प्रभुदेसाईंची मान खाली गेली.

दुसऱ्या दिवशी सातला जिन्यात लख्ख उजेड होता. तरी आई टॉर्च धरून उभ्याच होत्या.