नकोचे धोंडे

एक होतं गाव. त्या गावाला राजा नव्हता. पारावर बसणारे पाच म्हातारे होते, आणि पाच राजे सोडणार नाहीत एवढे हुकूम ते एका सकाळी सोडायचे.

त्या गावात एक रीत होती, बरं का. मुलगी घराबाहेर निघाली की उंबऱ्यावर थांबायची. मग घरातलं मोठं माणूस तिला तीन नको द्यायचं. पळू नको. ओरडू नको. झाडावर चढू नको. तीन नको घेतले की मग पाऊल बाहेर. पाण्याला जायचं तरी तीन, शेजारी विरजण मागायला जायचं तरी तीन. मुलग्यांना असलं काही नव्हतं. ते दावं सुटलेल्या वासरासारखे उंबऱ्यावरून उडी मारून जायचे.

गावामागच्या डोंगरावर एक धबधबा होता. बारमाही. भर चैत्रातही त्याचं पाणी खाली गावात यायचं. पण एका वर्षी काय झालं, धार बारीक झाली. मग आणखी बारीक झाली. आणि होळी झाल्यावर एक दिवस थांबलीच.

मग पाच म्हातारे पारावर बसले. त्यातले सगळ्यात मोठे थोरले आबा. त्यांना एक नात होती, रुंजी. रुंजी हसली की देवळावरची कबुतरं उडायची, एवढं खळखळून हसायची. थोरले आबा आधी खाकरले. ते नेहमी आधी खाकरायचे. मग म्हणाले, "खँक! हिच्या हसण्यानं पाणी बुजलं. पाडव्याच्या दिवशी हिला सात डोंगर ओलांडून आत्याकडे धाडा. तिथं सगळे कुजबुजत बोलतात. तिथं गप्प व्हायला शिकेल, आणि आपलं पाणी परत येईल."

बाकीच्या चौघांनी माना हलवल्या.

रुंजी धावत आजीकडे गेली. आजीला सगळे बय म्हणायचे. "बय, तू तरी सांग ना त्यांना!" बयनं नुसता पदर चाचपला. बयला हसताना कुणी कधी पाहिलं नव्हतं.

मग आला पाडव्याच्या आदला दिवस. रुंजीच्या दोन मैत्रिणी दारात आल्या. एक झेली, काडीसारखी बारीक. एक मैनी, तिचा आवाज ढोलासारखा.

"उद्या तू जाणार," झेली म्हणाली. "मग आज धबधब्याला चल. डोंगर फुललाय सगळा."

"पाणी नाही तर काय बघायचं तिथं?"

"कोरडा तर कोरडा!" मैनी म्हणाली. "का आटला ते तरी बघू. पाच जणांनी खाली बसून ठरवलं, वर जाऊन बघितलं का एकानं तरी?"

हे रुंजीला पटलं. ती उंबऱ्यावर आली. थोरले आबा समोर उभे. "खँक! लांब जाऊ नको. डोंगर चढू नको. आणि हसू नको."

रुंजीनं रोजच्यासारखं "बरं" म्हटलं नाही. ती उंबऱ्यावरून उडी मारून गेली. वासरासारखी!

मग तिघी चढायला लागल्या. पहिल्या टेपाडावर पळस पेटला होता, नुसता लालकेशरी. पुढं धायटीची झुडपं. तिघींनी तिची लाल फुलं खुडून मध चोखला, ओठ चिकट झाले. आणि मग वाट करवंदीच्या जाळीत शिरली. जाळी पांढऱ्या फुलांनी भरलेली, वासानं जीव वेडा व्हावा अशी. पण काटे! वाट कुठं जाते दिसेना.

झेलीला रोज मिळायचा तो नको म्हणजे, झाडावर चढू नको. झेली म्हणाली, "आज चढते." काटे चुकवत सरसर पांगाऱ्यावर गेली. तिथून तिला वाट दिसली. "डावीकडं! खडकाच्या कडेनं!"

मग तिघी अंजनीच्या बनात आल्या. फांद्याफांद्यांना निळी-जांभळी फुलं, जणू कुणी गुलाल निळा करून उधळलाय. तिथं वाटेत वानरांची टोळी बसलेली. मधे हुप्प्या, दात विचकून. हलेना.

मैनीचा रोजचा नको कुठला? ओरडू नको. मैनीनं छाती भरून श्वास घेतला आणि अशी आरोळी ठोकली, अशी ठोकली, की हुप्प्या आधी पळाला आणि टोळी मागून! मैनी स्वतःच चकित. "एवढा आवाज होता माझ्यात?"

मग तिघी धबधब्यापाशी पोहोचल्या. बघतात तर काय! कड्याच्या तोंडात धोंडेच धोंडे. गोल, काळे, एकावर एक गच्च बसलेले. पलीकडे पाणी अडून धडका मारत होतं.

झेलीनं एका धोंड्याला हात लावला. धोंडा बोलला! "झाडावर चढू नको." मैनीनं दुसऱ्याला लावला. "ओरडू नको." रुंजीनं सगळ्यात मोठ्याला लावला. तो म्हणाला, "खँक! हसू नको."

तुम्ही विचाराल, बोलण्याचा धोंडा कसा होईल? होतो. कुणी टाकून बोललं की ते छातीवर बसतं ना जड होऊन? त्या गावात तेच उंबऱ्यावरून निघून, कुणाला न दिसता, गडगडत डोंगर चढायचं आणि पाण्यात जाऊन बसायचं. शंभर वर्षांचे नको होते ते.

तिघींनी मोठा धोंडा ढकलला. हलेना. रुंजीनं त्याला लाथ घातली, शिव्या घातल्या. हलेना. ती रडकुंडीला येऊन खाली बसली. तिथं तिला मोठ्याच्या बुडाशी एक छोटासा धोंडा दिसला, लिंबाएवढा, शेवाळानं भरलेला. तिनं तो कानाला लावला. कुणीतरी जुनी बाई बोलत होती, "रंगू, हसू नको."

रंगू! बयचं माहेरचं नाव, आणि तिचं माहेर याच गावातलं.

रुंजीनं तो धोंडा ओच्यात बांधला. इतक्यात मैनीनं मोठ्या धोंड्याला बोट लावलं. "खँक! हसू नको." परत लावलं. "खँक! हसू नको." झेलीनं भराभर टपला मारल्या. "खँक! खँक! खँक!"

रुंजीला राहवेना. आधी नाकातून फुसकन आलं. मग पोटातून आलं. मग तिघी एकमेकींच्या अंगावर पडून अशा हसल्या, की डोळ्यांतून पाणी. आणि त्या हसण्यानं मोठा धोंडा तडकला! तडकला आणि त्याच्या दोन फाका झाल्या. मागून पाण्यानं धडक दिली, आणि सगळे नको धडाधड कड्यावरून खाली! धबधबा सुटला!

मुली हरवल्या म्हणून तेवढ्यात सगळं गाव धापा टाकत वर आलं. सगळ्यात पुढं थोरले आबा. "खँक! तिथं उभी राहू नको!" ते ओरडले. आणि काय झालं असेल? त्यांच्या तोंडातून एक धोंडा निघाला आणि धपकन त्यांच्याच पायावर पडला. त्या पाण्यासमोर काही लपत नव्हतं, बरं का.

"आई गं! हसू नको!" धप्प. दुसरा.

"बघत राहू नका रे!" धप्प. तिसरा.

मग आबा ओठ घट्ट मिटून उभे राहिले. पाण्याकडे बघितलं, फुटलेल्या धोंड्याकडे बघितलं. हळूच म्हणाले, "पाणी येणार हे माझ्या मनात होतंच."

"नाही, आबा," रुंजी म्हणाली. "तुमच्या मनात मला घालवायचं होतं. पारावर सगळ्यांसमोर बोललात. आता इथं सगळ्यांसमोर सांगते, मी कुठंही जाणार नाही. आणि हसणार. बुजलं का पाणी? बघा!"

सगळ्यांनी तोंडावर हात ठेवले. बोलायला तोंड उघडायची भीती होती ना!

मग बय पुढं आली. रुंजीनं ओच्यातला छोटा धोंडा तिच्या हातावर ठेवला. बयनं तो कानाला लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग हात मागं नेला आणि असा भिरकावला, की थेट डोहात. डुबुक! आणि बय हसली. दोनच दात होते तिला, पण अशी हसली की अंजनीच्या बनातले पक्षी उडाले.

दुसऱ्या दिवशी पाडवा झाला. गुढीला पळसाची फुलं बांधली. रुंजीला न्यायला आत्याकडून आलेली गाडी रिकामीच परतली. आणि तेव्हापासून त्या गावात मुलगी उंबऱ्यावर आली की तिच्या हातावर गुळाचे तीन खडे ठेवतात आणि म्हणतात, "ये जाऊन." थोरल्या आबांना सवय सुटायला वेळ लागला. ते नुसतेच खाकरायचे, आणि मग गूळ द्यायचे.

धबधबा अजून वाहतो. झेली झाडावर असते, मैनी तिथून खालच्या गावाला हाका मारते, आणि रुंजीचं हसू पाण्यात मिसळून गावात येतं.

झाली गोष्ट. चला, डोळे मिटा. बडबड करू न… नाही हं, नाही म्हणत. उगाच पांघरुणात धोंडा पडायचा. हसायचं तेवढं हसून घ्या, आणि झोप आली की झोपा.