आऽऽक्छी! पातेलं फुटलं

फडताळाच्या मागे राहायची चिंची चिचुंद्री. एवढ्ढीशी! पान हललं की दचकायची. टुणकन उडायची. स्वतःच्या सावलीलाही विचारायची, "अगं बाई, कोण ते?"

चिंचीचं होतं एक काचेचं पातेलं. फार लाडकं! आतली खीर बाहेरून दिसायची. तिचं पिल्लू बिट्टू टक लावून बघायचा. तांदूळ नाचतायत! बेदाणे पोहतायत!

एकदा काय झालं, खीर शिजत होती आणि बिट्टू शिंकला.

आऽऽक्छी!

चिंची दचकली. टुणकन उडाली. हातातलं गार पाणी तापल्या पातेल्यावर सांडलं.

तड् तड् तडाक्!

पातेल्याचे तुकडे. खीर चुलीत.

"आई, खीर?" बिट्टूनं विचारलं. डोळ्यांत टचकन पाणी.

"रडू नको राजा. नवं पातेलं आणते आणि पुन्हा करते."

तुरुतुरु तुरुतुरु, चिंची माळ्यावर गेली.

कढई म्हणाली, "मी काळी. खीर होईल काळी. चालेल?"

"नको गं बाई!"

मडकं म्हणालं, "मी आधी भिजणार. तीन दिवस डुंबणार. थांबशील?"

"छे रे, तीन दिवस?"

पितळी पातेलं म्हणालं, "मी येईन की! पण पोटाला कल्हई नाही. खीर कळकेल, तोंड वाकडं होईल. आधी कल्हई कर, मग मी येईन."

तुरुतुरु तुरुतुरु, चिंची गेली कल्हईवाल्या शब्बीरचाचांकडे.

"चाचा, चाचा, कल्हई करा!
कल्हई होईना, पातेलं येईना.
पातेलं येईना, खीर शिजेना.
बिट्टू माझा थांबेना!"

चाचा म्हणाले, "चिंचीबेटी, भट्टीला वारा घालतो हा भाता. त्यालाच पडलंय भोक. वारा जातो फुस्स! आधी भाता शिवून आण, मग भट्टी पेटवीन."

फुस्स ऐकून चिंची टुणकन उडाली. भाता घेतला डोक्यावर. तुरुतुरु तुरुतुरु, गेली चपला शिवणाऱ्या पारूमावशीकडे.

"मावशी, मावशी, भाता शिव!
भाता शिवेना, भट्टी पेटेना.
भट्टी पेटेना, कल्हई होईना.
कल्हई होईना, पातेलं येईना.
पातेलं येईना, खीर शिजेना.
बिट्टू माझा थांबेना!"

मावशी म्हणाली, "अगं पोरी, दोऱ्याला लावायला मेण नाही. कोरडा दोरा तुटतो कटकन! आधी मेण आण, मग भाता शिवीन."

कटकन ऐकून चिंची टुणकन उडाली. तुरुतुरु तुरुतुरु, गेली मधमाशीकडे.

"माशीताई, मेण दे!
मेण मिळेना, भाता शिवेना.
भाता शिवेना, भट्टी पेटेना.
भट्टी पेटेना, कल्हई होईना.
कल्हई होईना, पातेलं येईना.
पातेलं येईना, खीर शिजेना.
बिट्टू माझा थांबेना!"

माशी म्हणाली, "गुंऽऽ! पोटात मध नाही तर मेण कुठलं? भोपळ्याचं फूल दार लावून बसलंय. आधी फूल उघड, मग मेण देईन."

तुरुतुरु तुरुतुरु, चिंची गेली वेलापाशी. टक टक टक!

"फूलबाई, दार उघड!
फूल उघडेना, मेण मिळेना.
मेण मिळेना, भाता शिवेना.
भाता शिवेना, भट्टी पेटेना.
भट्टी पेटेना, कल्हई होईना.
कल्हई होईना, पातेलं येईना.
पातेलं येईना, खीर शिजेना.
बिट्टू माझा थांबेना!"

आतून बारीक आवाज आला, "बाप रे! एवढे सगळे बाहेर उभे आहेत? मला भीती वाटते."

"मलापण!" चिंची म्हणाली.

आता काय करायचं?

तेवढ्यात मागून आला बिट्टू. खरंच थांबला नव्हता! वेलाचं कुसळ गेलं नाकात.

आऽऽक्छी!

चिंची दचकली. फूल दचकलं. फट्ट! उघडलंच की!

फूल उघडलं, माशी मध प्यायली.
माशीनं मेण दिलं, मावशीनं दोरा ओढला.
दोऱ्यानं भाता शिवला, भात्यानं वारा घातला.
वाऱ्यानं भट्टी पेटली, चाचांनी कल्हई केली. लख्ख!
पातेलं आलं, चुलीवर बसलं.

बिट्टूनं बघितलं. "आई, आतलं दिसत नाही!"

"कान लाव, पण लांबून."

खद खद खद! तांदूळ नाचतायत. डुबुक डुबुक! बेदाणे पोहतायत.

"ऐकू आलं!" बिट्टू हसला. नाक हुळहुळलं.

"अरे, नको नको..."

आऽऽक्छी!

चिंची टुणकन उडाली. गार पाणी पातेल्यावर सांडलं. छन्न्न! चिंचीनं डोळे घट्ट मिटले.

पातेलं म्हणालं, "काय झालं? शिंक ना रे आणखी!"

बिट्टूनं खीर ओरपली. चिंचीनं पातेलं चाटलं.

गोष्ट ढवळली, गोष्ट शिजली, बिट्टूच्या पोटात जाऊन निजली.