गेरू लावलेली बकरी

फार पूर्वी डोंगराच्या पायथ्याला एक नगर होतं. नगराच्या मधून एक नाला जायचा आणि डोंगरावरचं पावसाचं सगळं पाणी त्यातूनच नदीला मिळायचं. म्हणून वाडवडिलांनी एक नियम घालून दिला होता. दरवर्षी मृगाच्या आधी नगरातला सगळ्यात धिप्पाड बैल आणायचा, त्याच्या दोन्ही अंगांना ओला गेरू फासायचा आणि त्याला नाल्यातून चालवायचं. ज्याच्या भिंतीला गेरू लागेल त्याची भिंत पाडायची. मग तो सावकार असो नाहीतर भिकारी.

नगराचा कारभारी मोठा हुशार माणूस. त्याचं घर नाल्याच्या कडेलाच होतं. संध्याकाळी चार माणसांत पान खात बसावं म्हणून यंदा त्याने घराला दगडी ओटा बांधला होता. ओटा नाल्यात चांगला हातभर आला होता, आणि मृग जवळ येऊ लागला तशी कारभाऱ्याची झोप उडाली.

अशात एके दिवशी त्याची लेक माहेरी आली. तिचं सासर नगरातच, नाल्याच्या वरच्या अंगाला होतं.

"अप्पा, डोंगर पार बोडका झालाय," ती म्हणाली. "घरांच्या भरावासाठी लोकांनी मुरूम उकरून नेला, गवताची काडी ठेवली नाही. गेल्या पावसाळ्यात गाळ आमच्या उंबऱ्याला लागला. आता एका बैलाची वाट पुरायची नाही. दोन बैल जोडीने जातील एवढा नाला हवा. नियम जुना झालाय, तो बदला."

"बदलतो," कारभारी म्हणाला. पोर समाधानाने घरी गेली.

कारभाऱ्याने सभा भरवली. "मंडळी, काळ बदलला, नियमही बदलायला हवा," तो म्हणाला. "बैलच कशाला पाहिजे? कोणतंही जनावर चालेल, असं करू."

सभेतल्या बहुतेक लोकांच्या पडव्या नि गोठे नाल्यात आलेले. सगळ्यांनी माना डोलावल्या. पाणी काय जनावर बघून येणार आहे, असं विचारायला एकाचीही जीभ उचलली नाही. विचारणार कोण? सगळे एकाच माळेचे मणी!

मग एक बकरी आणली. तिला गेरू फासून वाजतगाजत नाल्यातून नेलं. बकरी तुरुतुरु निघून गेली, कुठे ठिपकासुद्धा लागला नाही. कारभाऱ्याने ओट्यावरून तिच्यावर फुलं उधळली.

"अप्पा, हे काय केलंत?" लेकीने विचारलं.

"तूच म्हणालीस ना, नियम बदला म्हणून?" कारभारी हसून म्हणाला.

आषाढात एके दुपारी डोंगरावर आभाळ फाटलं. बोडक्या डोंगराची माती घेऊन पाणी नाल्यात उतरलं, कारभाऱ्याच्या ओट्याला अडलं, तुंबलं आणि वरच्या आळीत घुसलं. ओट्याचा एक दगडही हलला नाही. बांधकामच तसं पक्कं होतं. लेकीचं घर मात्र गेलं, आणि घरासोबत लेकही गेली.

पाणी ओसरलं तेव्हा नाल्याकाठच्या प्रत्येक भिंतीवर पुरुषभर उंचीला लाल मातीचा पट्टा उमटला होता. बैलाच्या अंगचा गेरू लागावा तसाच.

कारभाऱ्याने पहार घेतली आणि रडत रडत एकट्याने ओटा फोडला. मग तशीच पहार घेऊन तो शेजाऱ्याच्या दारात गेला.

"पाडा रे हे सगळं! दोन बैलांची वाट करू."

शेजारी पडवीतला गाळ काढत होता. "कारभारी, तुमचं दुःख मोठं आहे," तो हळूच म्हणाला. "पण आमची भिंत का पाडायची? बकरी नीट गेली ना? नियम तर तुम्हीच केलात."

कारभारी पहार टेकून तिथेच खाली बसला. दुसरी भिंत काही पडली नाही.

पुढच्या मृगापर्यंत नाला गाळाने इतका भरला, की बकरीही अडकली. पुन्हा सभा भरली. या खेपेला कारभाऱ्याला बोलावलं नव्हतं. कोणाचाही विरोध न होता कोंबडी ठरली.

तात्पर्य: माप लहान केलं म्हणून पाणी लहान होत नाही, आणि आपल्या सोयीसाठी वाकवलेला नियम पुढे सरळ करायला गेलं, तर कोणी हात लावू देत नाही.