तिसऱ्या रॉडचा पहारेकरी

मोटारी हँडल मारून सुरू कराव्या लागत, त्या काळातली ही गोष्ट. दस्तगीर मिस्त्रींनी एका मोटारीचे इंजिन उघडले, कारण पिस्टनला फिरत्या दांड्याशी जोडणाऱ्या तिसऱ्या कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग झिजले होते. पुन्हा तसेच झाले, तर सगळे इंजिन भंगारात जाणार होते.

नवे बेअरिंग मऊ धातूचे होते. रॉडला ते मुळीच पटले नाही. इतक्या मऊ अंगाचे हे धक्के कसले सोसणार? याच्या मनात दुसरेच काही असावे.

बेअरिंग जिथे बसते त्या रॉडच्या खोबणीत जुन्या तेलातला एक खरखरीत कण पुसायचा राहिला होता. रॉड त्याला हळूच म्हणाला, "तू घरचाच. याच्या पाठीमागे बस आणि नजर ठेव."

"ठेवतो की," कण म्हणाला. "आधीच्याच्याही पाठीशी मीच होतो."

बेअरिंग बसताच म्हणाले, "दादा, पाठीत काहीतरी टोचतंय."

"आल्या आल्या तक्रारी? गुमान बस."

मिस्त्रींनी बोल्ट आवळून इंजिन हाताने फिरवले. ते तिसऱ्या रॉडपाशी अडले. उघडून पाहतात तो बेअरिंगला मागून टेंगूळ आलेले. त्यांनी ते फेकून दिले, खोबण फडक्याने पुसली आणि दुसरे नवे बेअरिंग उचलले.

त्याने रॉडला आधी नीट निरखले. "माझ्याआधीचं कुठं गेलं?"

रॉडने खरे ते सांगितले, आणि आपल्यावर कोणी विश्वास ठेवते का, याची तो प्रथमच वाट पाहू लागला.