केरबाने बारा मिळवले नाहीत

एका गावात सगळे शहाणे होते, आणि त्यांचे हुकूम ऐकायला एक भोळा होता. भोळ्याचं नाव केरबा. शहाण्यांची नावं सांगत बसलं तर दिवस मावळेल, म्हणून त्यांच्यातल्या सर्वांत शहाण्याचं तेवढं सांगते. ते आप्पासाहेब. गावातलं एकुलतं एक मंगल कार्यालय त्यांचं.

आप्पासाहेबांनी कार्यालयात संगणक आणला आणि त्याच्यापुढे केरबाला बसवलं. संगणकात प्रत्येक लग्नाची नोंद करायची. लग्नाची तारीख, मुहूर्त, वधूवरांच्या जन्मतारखा. वय यंत्र आपलं आपण काढी आणि सगळ्याचा एक कागद छापून देई.

यंत्र चालवायला केरबाला शेजारच्या वनिताने शिकवलं. वनिता अकरावीत होती, वर्गात पहिली. नमुना म्हणून तिने स्वतःचंच नाव आणि जन्मतारीख आत घालून दाखवली. पुढे तिला संगणकच शिकायचा होता. पण तिच्या वडिलांना, म्हणजे नामांकित बागाईतदार यशवंतरावांना, चांगलं स्थळ चालून आलं होतं. पोरगी सोळाची, स्थळ चांगलं, मग शाळा कशाला? गावातल्या एकाही शहाण्याला यात काही वावगं दिसलं नाही.

असो. आधी केरबाचं ऐका.

पहिली नोंद चार मार्चच्या लग्नाची. केरबाने आधी चार लिहिला, मग तीन. चार मार्चला वऱ्हाड दारात आलं, तर दाराला कुलूप. केरबा ओट्यावर शेंगा खात बसलेला.

"अरे, दार उघड की!"

"आज कसं उघडू? यंत्र म्हणतंय तुमचं लग्न तीन एप्रिलला आहे. बसा तोवर."

आप्पासाहेब धावत आले. "गाढवा! हे यंत्र परदेशी रीतीचं. त्याला महिना आधी लागतो. आपल्याकडून आलेलं आत घेण्याआधी मागचं पुढं करून घ्यायचं!"

"जी," केरबा म्हणाला.

पुढच्या लग्नाला नवरदेव घोड्यावर बसून आला. केरबाने लगाम धरला, घोडा वळवला आणि शेपटीकडून आत ढकलायला लागला. घोडा ऐकेना. ढोलताशेवाले थांबले. आरती घेऊन उभ्या असलेल्या नवरीच्या आईने नवरदेव समजून शेपटीलाच ओवाळलं.

"हे काय रे, मूर्खा?"

"तुम्हीच म्हणालात, आत घेण्याआधी मागचं पुढं करायचं."

"ते तारखेचं! तू घोड्याजवळ जाऊच नकोस. यंत्रापाशी बस."

केरबा यंत्रापाशी बसला. त्यानंतरचं लग्न गोरज मुहूर्तावरचं होतं, संध्याकाळी सहा छत्तीसचं. केरबाने सहा छत्तीस लिहिलं. यंत्राने सकाळ धरली. यंत्राने धरली म्हणून केरबाने धरली, आणि केरबाने सांगितलं म्हणून आचाऱ्याने धरली. संध्याकाळी पंगत बसली तेव्हा मसालेभात आंबला होता आणि व्याही उठून चालले होते.

"अरे, दुपारनंतरचं काही असलं की त्यात बारा मिळवायचे! एवढंही कळत नाही?"

"आता कळलं, आप्पासाहेब."

आणखी एका लग्नात ऐन दुपारी कुणीतरी सांगत आलं, वरपक्षाची पाच माणसं जेवायची राहिलीत. केरबाने सतरा पानं वाढली. पाचजण जेवून उठले. उरलेल्या बारा पानांपुढे केरबा जिलबीचं ताट घेऊन फिरत राहिला. "घ्या की. लाजू नका. एकच घ्या."

आप्पासाहेबांनी कपाळाला हात लावला. "माणसांत बारा मिळवतात का रे? आणि वेळेतही काही भर पडत नसते. वेळ असो की तारीख, फक्त वरचं रूप बदलायचं. आतलं आहे ते कधी बदलायचं नाही! पाठ कर."

केरबाने पाठ केलं.

मग वैशाखात वनिताचं लग्न आलं. मुहूर्त सकाळचा, अकरा बेचाळीसचा. बालविवाह रोखणं हे ज्यांचं काम, ते ग्रामसेवक पहिल्या रांगेत फेटा बांधून बसले होते. कागदावर अठरा दिसले की आपल्याला बाकी काही दिसत नाही, असं त्यांनी यशवंतरावांना आधीच सांगून ठेवलं होतं. वनिता आतल्या खोलीत मुंडावळ्या बांधून बसली होती. तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

पाहुण्यांच्या गर्दीत आप्पासाहेब केरबाच्या कानाशी लागले. "वनिताची जन्मतारीख जरा बदलून टाक. कागद छाप आणि माइकवर मुहूर्त सांग."

केरबाने बदलली. म्हणजे रूप बदललं. आकड्यांच्या जागी वार, महिना आणि साल अक्षरांत आणलं. फार सुंदर दिसू लागली तारीख. आतलं त्याने तसंच ठेवलं. मग माइक घेतला आणि एवढा सुंदर झालेला कागद पहिल्यापासून वाचला.

"चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी वनिता. जन्म मंगळवार, चौदा ऑगस्ट दोन हजार सात. वय वर्षं सोळा."

सनई थांबली. ग्रामसेवकांच्या तोंडात लाडू होता, तो तिथेच राहिला. मांडवभर माणसं त्यांच्याकडे बघू लागली. दिसलं नाही असं म्हणता येतं, पण ऐकूही आलं नाही असं कसं म्हणणार? आतल्या खोलीचं दार उघडलं. वनिता उंबऱ्यात येऊन उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "बरोबर आहे. सोळाच."

आप्पासाहेब धापा टाकत माइकपाशी पोचले. "बारा मिळव! अरे, बारा मिळव!"

"कशात, आप्पासाहेब?" केरबाने माइकमधूनच विचारलं. "पोरीच्या वयात?"

"हो रे बाबा, हो!"

सगळ्या मांडवाने ते ऐकलं. ग्रामसेवकांनी लाडू कसाबसा गिळला, फेटा काढला आणि ते नाइलाजाने आपलं काम करायला उठले.

केरबाने मात्र मान हलवली. इतके दिवस त्याला मूर्ख म्हणत होते, आता तो फसणार नव्हता. "माणसांत मिळवायचे नाहीत, तुम्हीच शिकवलंत," तो म्हणाला. "आणि मिळवायचेच म्हटलं, तरी अजून दुपार कुठं झालीय?"

वनिता आता बारावीला आहे. गावातले शहाणे पारावर बसून अजून सांगतात, केरबाने पुष्कळ घोटाळे केले, पण एवढा मोठा कधी केला नव्हता.