एका धुराचं गाव

एर्लेनग्रुंट हे मध्य जर्मनीतल्या डोंगरांत लपलेलं लहानसं गाव. तिथे पहिल्यांदा येणारा पाहुणा दारांवरच्या पाट्या वाचत निघतो आणि थोड्याच वेळात वाचणं सोडून देतो. म्युलर, म्युलर, पुन्हा म्युलर. पाववाला म्युलर, दातांची डॉक्टर म्युलर, चर्चमागच्या दफनभूमीतही ओळीने म्युलरच. ओढ्याकाठी जुनी पाणचक्की आहे. ती पाहायला आलेल्यांना इल्झे आजी आत नेतात. त्याही अर्थात म्युलरच. मग कुणीतरी हटकून विचारतं, "एवढ्या चक्कीवाल्यांना पुरेल एवढं धान्य तरी पिकायचं का इथे?"

"धान्य होतं," आजी म्हणतात. "पीठ नव्हतं."

म्युलर म्हणजे दळणारा, चक्कीवाला. आपल्याकडे सुतार, कुंभार, तांबोळी ही जशी धंद्यावरून पडलेली नावं, तशीच तिकडेही. श्मिट म्हणजे लोहार, श्नायडर म्हणजे शिंपी, वेबर म्हणजे विणकर. या सगळ्यांत म्युलरच जास्त. सबंध जर्मनीत याहून जास्त माणसांचं दुसरं आडनाव नाही. जाणकार त्याचं कारण सरळ देतात: गाव तिथे चक्की, आणि चक्की तिथे एक चक्कीवाला. पण एर्लेनग्रुंटमध्ये चक्की एकच, आणि म्युलर गावभर. तिथे हे कारण पुरत नाही. म्हणून तिथे दुसरी हकिकत सांगतात.

फार पूर्वी, माणसाला एकच नाव असायचं त्या काळी, हा मुलूख टेकडीवरच्या गढीतल्या सरदाराचा होता. घरी दळायला त्याने बंदी घातली होती. सगळ्यांनी चक्कीवरच दळायचं आणि दळणातला वाटा गढीवर पोचवायचा. घरोघरची जाती सरदाराच्या माणसांनी उचलून नेली होती, म्हणे. जातं ठेवायची मुभा एकट्या चक्कीवाल्याच्या घराला, तीही घरच्यापुरतं दळायला.

चक्कीवाल्याची गावात पत नव्हती. तो पीठ चोरतो असं सगळेच धरून चालत. कुणाला फाशी द्यायची झाली तर शिडी चक्कीवाल्याने आणून द्यावी, असा रिवाज होता. त्याच्या घरात कुणी मुलगी देत नसे आणि त्याच्या मुलाला कुठला कारागीर हाताखाली घेत नसे.

एका वर्षी चक्कीवाला तापाने गेला. मागे राहिली त्याची तरुण बायको मेश्टिल्ड आणि एक लहान मुलगी. त्याच हिवाळ्यात ओढा तळापर्यंत गोठला आणि पाणचक्कीचं चाक जागच्या जागी थिजलं. कोठारांत राय, म्हणजे तिकडचं गव्हासारखं धान्य, होती, पण अख्खी. मोठ्यांनी ती उकडून कशीबशी चावली. दात नसलेल्या म्हाताऱ्यांना आणि दात न आलेल्या मुलांना ती गिळता येईना.

शेजारची आडेलहाइड शालीखाली मूठभर राय लपवून मेश्टिल्डकडे आली. तिचं बाळ रडायचंही थांबलं होतं. मेश्टिल्डने काही न विचारता जातं ओढलं, पीठ काढलं, खिमट शिजवलं. बाळाने ते चाटलं. दुसऱ्या दिवशी दारात आणखी बाया उभ्या होत्या, आणि तिने कुणालाच परत पाठवलं नाही.

गोष्ट गढीवर पोचायला वेळ लागला नाही. कारभाऱ्याचा निरोप आला: दुसऱ्यांचं धान्य दळल्याबद्दल येत्या रविवारी जातं फोडलं जाईल, आणि चक्कीवालीला मुलीसह गावाबाहेर काढलं जाईल. बाहेर म्हणजे बर्फात. बाहेर काढणं म्हणजे काय, ते सांगायची गरज नव्हती.

गावातले थोर जमले. थोरांनी जे करायचं असतं ते त्यांनी केलं. माना हलवल्या, दाढ्या कुरवाळल्या. गावचा मुख्य कुंत्स म्हणाला, "पोरी, नियम तो नियम. तू तो मोडायला नको होतास. आता सगळ्यांनी थोडी कळ काढावी, बर्फ काही कायमचं नसतं."

"कळ तुमच्या नातवाला काढायला सांगा, कुंत्सबाबा," मेश्टिल्ड म्हणाली. "त्याला तुमच्याएवढं नीट बोलता येत नाही म्हणून तो नुसता सुकतोय."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. मेश्टिल्डने पुढे विचारलं, "नियमात काय आहे? चक्कीवाल्याच्या घराने दळावं. मग घर म्हणजे काय, ते तुम्हीच सांगा."

हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. गढीचा माणूस वसुलीला आला की टेकडीवर उभा राहून धूर मोजायचा. एक धूर म्हणजे एक चूल, एक चूल म्हणजे एक घर. भिंती कितीही असोत.

"मग रविवारी गावावर एकच धूर असू द्या," ती म्हणाली. "माझा."

सभेत गदारोळ झाला. त्या गावात चूल विझवत नसत. रात्री निखारे राखेखाली झाकायचे आणि सकाळी पुन्हा फुलवायचे. आज्याच्या आज्याने पेटवलेला विस्तव नातवंडांपर्यंत यायचा. चूल विझायची ती फक्त घरात मरण आल्यावर. "जिवंत घराची चूल विझवू? आणि त्या शिडीवाल्यांच्या दारात जाऊन बसू?" कुंत्स ओरडला. "माझ्या जिवात जीव असेपर्यंत नाही!"

आधी आडेलहाइडने आपल्या चुलीत बर्फाची बादली ओतली. मग तिच्या पलीकडच्या घरातून वाफेचा लोट उठला. रविवार उजाडेपर्यंत बहुतेक गाव पोराबाळांना, गोधड्यांना, कोंबड्यांना घेऊन चक्कीत दाटीवाटीने बसलं होतं. मरण आल्यासारखी शांतता प्रत्येक घरात मागे राहिली होती, म्हणतात.

कारभारी टेकडीवर आला तेव्हा खाली दोन धूर होते. एक चक्कीचा, एक कुंत्सच्या घराचा. दुसरा धूर राहिला तर मुख्याचं घर वेगळं ठरणार होतं. आणि मुख्यच वेगळा राहिला, तर बाकीचं गाव एकच घर आहे हे कारभारी मानणार नव्हता.

कुंत्स दारात आडवा उभा होता. त्याची बायको हेडविग आतून भांडं घेऊन आली. तिच्या तोंडात एकही दात नव्हता. गावात ती कधी मोठ्याने बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"बाजूला व्हा," ती म्हणाली. "लग्न करून आले तेव्हापासून ही चूल मीच फुंकतेय. तुम्ही कधी वाकलात तिच्यापुढे? विझवायचा हक्कही माझाच."

पाणी ओतल्याचा आवाज चक्कीपर्यंत ऐकू गेला, असं सांगतात. धूर दाट झाला, मग विरळ, मग थांबला. हेडविग चक्कीकडे निघाली, आणि तिच्यामागोमाग कुंत्सही.

कारभारी चक्कीत शिरला. जात्यावर आळीपाळीने बाया बसल्या होत्या. एकीचा हात थकला की दुसरी खुंटा धरत होती. त्याला पाहूनही जातं थांबलं नाही.

"ही सगळी कोण?"

"माझ्या घरची माणसं," मेश्टिल्ड म्हणाली. "दुसरी चूल दिसली का तुम्हाला कुठे?"

कारभारी मूर्ख नव्हता. तो शांतपणे म्हणाला, "ठीक. चक्कीवाल्याच्या घरचे, तर कायमचे. ओढा वितळला म्हणून परत फिरता येणार नाही. नाव चक्कीवाल्याचं, फाशीची शिडीही तुम्हीच सगळ्यांनी वाहायची. तुमच्या पोरींना कुणी मागणी घालणार नाही. आहे कबूल?" आणि तो कुंत्सकडे वळला. "तू मुख्य. तू सांग, तू कोण?"

कुंत्सच्या मांडीवर नातू होता. त्याच्या हनुवटीवर खिमट ओघळलं होतं. कुंत्सने ते अंगठ्याने पुसलं, आणि अंगठा कुठे पुसावा हे न सुचून स्वतःच्याच तोंडात घातला.

"कुंत्स म्युलर," तो म्हणाला. "आणि आवाज कमी कर. पोर आत्ताच झोपलंय."

त्यानंतर कारभाऱ्याने एकेकाला विचारलं, आणि एकेकाने तेच नाव सांगितलं. आडेलहाइड म्युलर. हेडविग म्युलर. कुणी भीत, कुणी ताठ मानेने. जातं फुटलं नाही, मेश्टिल्ड गावाबाहेर गेली नाही. बर्फ वितळलं तेव्हा प्रत्येक घराने चक्कीच्या चुलीतला निखारा नेऊन आपली चूल पेटवली. शिडी वाहायची वेळही पुढे आली, म्हणे. पण ती एवढ्या खांद्यांवर आली की लाज कुणाची ते ठरवणंच अशक्य झालं. आजूबाजूच्या गावांना सोयरिकीसाठी दुसरं कुणी उरलं नाही, तेव्हा मुली मागायला लोक आपसूक आले.

आजही ऐन हिवाळ्यात एका रविवारी एर्लेनग्रुंटमधली सगळी घरं थंड असतात. हीटर बंद, शेगड्या बंद, गावावर फक्त चक्कीचा धूर. गावकीने मध्यंतरी सुचवलं होतं की नुसती तासभर मेणबत्ती लावली तरी परंपरा पाळल्यासारखं होईल. पोरींनी ते हाणून पाडलं. अलीकडे दूरच्या देशांतून आलेली काही कुटुंबंही त्या दिवशी चक्कीकडे येतात. त्यांची नावं गावात कुणाला धड उच्चारता येत नाहीत. पण दारात त्या दिवशी नाव विचारतच नाहीत. उंबऱ्यावर जी कुणी बाई उभी असते ती एवढंच विचारते, "घरची शेगडी विझवून आलात ना?"

हो म्हटलं, की आतली माणसं सरकून जागा करतात.